घरचे तयार, गुरुजीही तयार. आता कागदावर काय आणायचं?

मलप्रभाकाठ

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या पालकांसाठी मराठीत दोन पानी माहितीपत्रक करायला घेतलंय. ज्यांच्या मुलानं किंवा मुलीनं आपण समलिंगी असल्याचं घरी सांगितलंय, रडारड-आदळआपट होऊन गेलीय आणि आता घरचे "बरं, मग पुढं काय करायचं?" इथवर आलेत, अशा पालकांसाठी. पुण्या-मुंबईचा मजकूर आहे, पण त्यात सातबारा आणि तिकडचे नियम. आपल्याकडं उतारा वेगळा, कचेरीची भाषा वेगळी.

पाया सगळ्यांना माहीत आहे असं धरतो. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं समलिंगी संबंध गुन्हा राहिला नाही, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ३७७ कलमच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी विवाहाचा अधिकार द्यायला नकार दिला. तो विषय संसदेचा म्हणाले. ९ जानेवारी २०२५ ला फेरविचार याचिकाही गेल्या. म्हणजे हिंदू विवाह कायदा असो की विशेष विवाह कायदा, नोंदणी होत नाही.

त्या खटल्याच्या वेळी, एप्रिल २०२३ मध्ये, 'स्वीकार' या पालकांच्या गटातल्या चारशेहून जास्त आईवडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांच्या लग्नाला मान्यता मागितली होती. आपल्याकडचे पालक विचारतात ते त्याच्या पुढचं: कायदा येईल तेव्हा येईल, तोवर आमच्या पाठिंब्याचा उपयोग काय? विधी, कागद, दवाखाना आणि "धर्मात बसत नाही" म्हणणारे मामा, या चार गोष्टींवर नेमकं लिहा. अनुभवकथन नको.

बाँडरायटर_खानापूर

कागदाचं मी सांगतो. आधी काय करू नये ते.

कचेरीबाहेर कुणीतरी स्टँपवर 'विवाह करार' नाहीतर 'सहजीवन करारनामा' लिहून, नोटरीचा शिक्का मारून देतो म्हणेल. देऊ नका पैसे. करारानं पतीपत्नीचा दर्जा तयार होत नाही. तसंच 'वर' आणि 'वधू'च्या रकान्यात काहीतरी खोटं भरून नोंदणीचा प्रयत्न कुणी सुचवला, तर तो मात्र गुन्हा होतो. नुसता सोहळा करणं गुन्हा नाही.

सगळ्यात वजनदार कागद म्हणजे मृत्युपत्र. जोडीदार कायदेशीर वारस नाही, त्यामुळं मृत्युपत्र नसेल तर त्याला काडीही मिळत नाही. मृत्युपत्राला स्टँप ड्युटी नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण आपल्या प्रकरणात नोंदणी कराच. कर्नाटकाच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून उपनिबंधक कचेरीची वेळ घ्यायची, दोन साक्षीदार आणि सगळ्यांची आधार कार्डं घेऊन जायचं. गडबड होते ती अशी:

साक्षीदार म्हणून सत्तरीतल्या काकांना उभं करतात. पुढं वाद झाला तर दोनपैकी निदान एका साक्षीदाराला कोर्टात येऊन सांगावं लागतं. म्हणून साक्षीदार हा मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयानं लहान, गावातच राहणारा, आणि त्यात ज्याला काही मिळत नाही असा हवा. जोडीदाराला साक्षीदार करू नका. करणाऱ्याचं वय जास्त असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरचा दाखला जोडा.

दुसरी गडबड भाषेची. नोंदणी कायद्याच्या १९ व्या कलमानुसार अधिकाऱ्याला न कळणाऱ्या आणि जिल्ह्यात सर्रास न चालणाऱ्या भाषेतला दस्त भाषांतराशिवाय नाकारता येतो. बेळगावात मराठी चालते की नाही हा वाद आपण उपनिबंधकाच्या टेबलावर काढायचा नाही, तो इतरत्र पुष्कळ चालू आहे. मूळ मराठी, सोबत कन्नड भाषांतर आणि एक खरी प्रत. काम झालं की घरी या.

वडिलोपार्जित जमिनीतला आपला वाटा मृत्युपत्रानं देता येतो. हिंदू वारसा कायद्याचं कलम ३०. लोकांना वाटतं वडिलोपार्जित म्हणजे हात लावायचा नाही. तसं नाही. पण वाटणी झाली नसेल तर जोडीदार पुढं भावकीबरोबर वाटणीचा दावा लढत बसेल. घरच्यांचा पाठिंबा खरा असेल तर आईवडील हयात असतानाच वाटणीपत्र करून उताऱ्यावर वेगळं नाव चढवा. दहा आशीर्वादांपेक्षा हे मोठं काम.

बक्षीसपत्रात मात्र दोनदा मार बसतो. घरच्यांना दिलं तर स्टँप सवलतीत, जोडीदार कायद्याला 'कुटुंब' नाही म्हणून त्याला पूर्ण दर. वर आयकर: नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर बक्षीस मिळालं तर सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. नवराबायकोला हे लागू नाही. या फरकाविरुद्ध २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेलीय. मृत्युपत्रानं मिळालेल्याला हा कर नाही, म्हणून मृत्युपत्रच बरं.

घर दोघांनी घेत असाल तर खरेदीपत्रात दोघांची नावं, हिस्सा आकड्यात लिहिलेला, आणि ज्याचे त्याचे पैसे ज्याच्या त्याच्या खात्यातून. मग दोघांनी आपापल्या हिश्श्याचं मृत्युपत्र.

बँक: ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थखात्यानं स्पष्ट केलंय की अशा जोडप्याला संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. शाखेत "नातं काय लिहू?" म्हणून अडवतात. त्या पत्रकाची प्रत खिशात ठेवा. खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं घ्या, म्हणजे दोघांपैकी कुणीही आणि एक गेल्यावर मागं राहिलेला ते चालवू शकतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी चालतात, तर आई आणि जोडीदार दोघांची नावं घालता येतात. घरच्यांची मनंही राखली जातात.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मात्र पत्रकात ठळक छापा. विम्यात आईवडील, नवराबायको आणि मुलं एवढेच 'लाभार्थी नॉमिनी'. जोडीदार नॉमिनी असला तरी तो पैसे फक्त उचलतो, वारस मागू शकतात. पीएफचं त्याहून चमत्कारिक. पीएफच्या व्याख्येतलं कुटुंब असेल, म्हणजे उदाहरणार्थ अवलंबून असलेले आईवडील, तर बाहेरच्याचं नॉमिनेशन चालत नाही. तसं कुणी नसेल तर कुणाचंही नाव देता येतं.

निपाणीकर

बाँडरायटर अण्णा, एक पुरवणी. पलीकडची शेती. सीमाभागात एक जण इकडचा आणि एक चंदगड, गडहिंग्लज नाहीतर कागलचा, हे नेहमीचं. (चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं, सोयरिकी अजून त्याच नकाशावर चालतात.) कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीनंतर शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. महाराष्ट्रात ते अडवणारं कूळकायद्याचं कलम ६३ अजून उभं आहे. त्याच मुंबई कूळकायद्याखालच्या गुजरातच्या एका प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की बिगरशेतकऱ्याला शेतजमीन मृत्युपत्रानंही देता येत नाही. म्हणजे चंदगडच्या मुलानं आपली शेती बेळगावच्या नोकरदार जोडीदाराला लिहून ठेवली, तर ती अडकण्याची शक्यता दांडगी. शेतीऐवजी घर, ठेव, सोनं यातून जोडीदाराचं भागवा आणि शेती भाच्या-पुतण्याला.

बाँडरायटर_खानापूर

बरोबर. हे मी विसरलो होतो.

भटजीबुवा_शहापूर

विधीचं. कुणाला आवडेल, कुणाला नाही, पण कामाचं तेवढंच लिहितो.

देवळात लग्न लावून पावती मागू नका. मुजराई (सरकारी देवस्थान) खात्याच्या देवळात लग्नाची नोंद होते, वयाचे पुरावे लागतात, फॉर्मवर वर-वधू असतं. तिथं पुजाऱ्याला अडचणीत आणण्यात अर्थ नाही. देवळात अभिषेक, ओटी, नारळ. बाकीचा विधी घरी नाहीतर कार्यालयात. कार्यालयाच्या व्यवस्थापकाला आधीच सांगा. पाहुणे जमल्यावर कुणी गेटवर वाद घालू नये म्हणून.

विधीत कुठं अडतं? कन्यादानात अडतं, कारण तिथं देणारा आणि घेणारा लागतो. ते सरळ गाळा. मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं स्त्री-पुरुषाच्या विवाहाबाबतसुद्धा म्हटलंय की कन्यादान हा आवश्यक विधी नाही, सप्तपदी आहे. त्यामुळं कुणी "कन्यादानाशिवाय कसलं लग्न" म्हणाला तर एवढं सांगायचं. सप्तपदीच्या सातव्या पावलाचा मंत्र बघा, 'सखा सप्तपदी भव'. सातव्या पावलाला तो सख्यच मागतो.

संकल्पात तर अडायचं कारणच नाही. 'अस्माकं सहकुटुंबानां सहपरिवाराणां क्षेमस्थैर्यायुरारोग्यैश्वर्याभिवृद्ध्यर्थं' यात कुठं स्त्री-पुरुष आलाय? दोघांची नावं, दोघांची गोत्रं घ्यायची आणि पुढं जायचं. वास्तुशांत, सत्यनारायण यांना दोघांनी एका पाटाऐवजी शेजारीशेजारी दोन पाटांवर बसावं, दोघांच्या हातावर पाणी सोडावं.

हळदीचा घोळ होतो तो खरा. आपल्याकडं आधी नवऱ्याला हळद, त्यातली उष्टी हळद नवरीकडं. इथं कुणाची उष्टी कुणाकडं, यावरून दोन घरच्या आत्या भांडतात. उपाय साधा: हळद एकाच जात्यावर दोन्ही घरच्या सवाष्णींनी दळायची, एकाच वाटीत कालवायची, आणि दोघांना एका मांडवात एकाच वेळी लावायची. मग उष्टं कुणाचंच नाही. मुंडावळ्या दोघांना, अंतरपाट मामांनी धरायचा, दोन्हीकडचा एकेक मामा. सीमांतपूजनात वरपक्ष कोण हे ठरवत बसू नका. दोन्ही घरांनी एकमेकांचं पाय धुवावं, मानपान सारखा.

देवक मात्र विचारायला विसरू नका. मराठा घरात एकच देवक निघालं तर आज्जी नको म्हणेल. आणि आज्जी देवकावरून नको म्हणायला लागली, तर समजा तिनं बाकी सगळं मान्य केलंय.

ब्राह्मण मिळत नसेल किंवा नको असेल, तर मराठी माणसाकडं त्याची स्वतःची वाट आहे. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ ला काढला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लावला. पुरोहित नाही, मराठी मंगलाष्टका, आणि जोडप्यानं सगळ्यांसमोर एकमेकांना दिलेली वचनं. कोल्हापूरकडं ही पद्धत अजून जाणतात. वचनं दोघांनी स्वतः लिहावीत, प्रत्येकी पाच-सहा ओळी, जास्त नको. मांडवात दहा मिनिटांच्या वर कुणी ऐकत नाही.

मग घरी गोंधळ नाहीतर जागरण. कुलदैवताच्या नावानं दोघांना एकत्र बसवलं की भावकीच्या लेखी काम पक्कं होतं. आमच्या भागात पत्रिकेपेक्षा गोंधळाला कोण बसलं होतं हे जास्त लक्षात राहतं.

सौंदत्ती_रोड

गुरुजींचं ठीक आहे. पण अशा चर्चेत कुणीतरी "आपल्या यल्लम्माच्या जोगप्पांना समाज मानतोच की" असा दाखला हमखास आणतो, म्हणून आधीच लिहितो. तो दाखला इथं लावू नका.

जोगप्पा म्हणजे देवीला वाहिलेला. त्याच्या गळ्यात मुत्तू (देवीच्या नावाचे मणी) बांधतात, आणि त्याचं लग्न लागलेलं असतं ते देवीशी. त्या परंपरेला मान आहे. मंजम्मा जोगती यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली, त्याआधी त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या होत्या. पण सौंदत्तीच्या डोंगरावर मिळणारा तो मान दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या संसाराला मिळतो असं नाही. उलट धोका असा की घरचे मुलाला "देवीनं धरलंय" म्हणून डोंगरावर नेतात. मुलगा समलिंगी आहे, म्हणजे तो पुरुषच आहे आणि त्याला पुरुष आवडतो. जोगप्पा होणं ही वेगळी गोष्ट. पत्रकात हे दोन वेगळ्या परिच्छेदांत ठेवा.

मामांसाठी: श्लोक शोधू नका, समोरचा दुसरा श्लोक काढतो. संघाचं मानणारं घर असेल तर तिथली भूमिका जशी आहे तशी सांगा. जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालक मोहन भागवतांनी जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन असे लोक पूर्वीपासून आहेत, त्यांना त्यांची खासगी जागा मिळावी असं म्हटलं. मार्चमध्ये सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी विवाहाला मात्र विरोध केला. दोन्ही सांगा. अर्धं सांगितलं तर मामा उरलेलं अर्धं मोबाइलवर दाखवतात. आणि कन्नड शेजाऱ्यांना सांगायला एक गोष्ट आहे: बेंगळुरूच्या, गणितासाठी जगभर ओळखल्या गेलेल्या शकुंतला देवींनी १९७७ साली या विषयावर पुस्तक लिहिलं, त्यात श्रीरंगमच्या एका वैष्णव पुजाऱ्याची मुलाखत आहे. तो म्हणतो, असं प्रेम मागच्या जन्मीच्या नात्यातून येतं. ज्या घरात पुनर्जन्म मानतात तिथं हे चटकन पोचतं.

कॅम्प_चर्चगेट

ख्रिस्ती घरांसाठी थोडक्यात. १८ डिसेंबर २०२३ च्या व्हॅटिकनच्या घोषणेनुसार धर्मगुरूला अशा जोडप्याला आशीर्वाद देता येतो, पण तो उपासनेचा विधी नसावा आणि लग्नासारखा दिसू नये. म्हणजे वेदी नाही, अंगठ्या नाहीत, लग्नाचे कपडे नाहीत, त्याच दिवशी सोहळ्याला जोडून नाही. फादरकडं "लग्न लावा" म्हणून गेलात तर ते नाही म्हणणारच. "आमच्या घरी येऊन प्रार्थना कराल का" असं विचारा, वेगळ्या दिवशी. हे कॅथलिकांपुरतं. मेथडिस्ट आणि इतर मंडळ्यांचे नियम वेगळे.

वॉर्डातली_आक्का

दवाखान्याचं कुणी लिहिलं नाही अजून.

शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती त्याची स्वतःची. प्रश्न येतो तो बेशुद्ध झाल्यावर. जीवावर बेतलेलं असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत, थांबायला नकोच. पण आयसीयूचा पास, तब्येतीची माहिती, शस्त्रक्रियेचा फॉर्म, या सगळ्याला "नातेवाईक कोण?" विचारतात. इथं साधं मुखत्यारपत्र पुरेल या भरवशावर राहू नका. करणाराच भानावर नसेल तेव्हा ते लंगडं पडतं. तीन गोष्टी करा.

एक, आईवडिलांचं सहीचं पत्र: "आमच्यापैकी कुणी पोहोचेपर्यंत अमुक याला सर्व माहिती द्यावी, त्याचं म्हणणं आमचंच समजावं." सोबत आईवडिलांचे फोन नंबर. कायद्यात याची सक्ती नाही, पण रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरला तेच हवं असतं. आपला पाठिंबा कुठं उपयोगी पडतो हे विचारणाऱ्या पालकांना हेच दाखवा. पत्राची एक प्रत रुग्णाच्या पाकिटात, एक जोडीदाराच्या फोनमध्ये फोटो काढून. कपाटात ठेवलेलं पत्र कुणाच्या कामाचं नाही.

दोन, मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये कुणाही सज्ञान माणसाला साध्या कागदावर सही करून 'नामित प्रतिनिधी' नेमता येतं. नात्याची अट नाही. हे फक्त मानसिक आजाराच्या उपचारापुरतं, पण तिथं पक्कं.

तीन, शेवटच्या उपचारांबाबतचं इच्छापत्र, लिव्हिंग विल. २०२३ च्या सुधारित नियमांनुसार दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. निर्णय कुणी घ्यावा त्या माणसांची नावं त्यात लिहितात. जोडीदाराचं लिहा, शक्य तर सोबत बहिणीचं किंवा आईचंही. कर्नाटकानं ३० जानेवारी २०२५ ला याची अंमलबजावणी करणारा आदेश काढलाय.

आणि "डॉक्टरकडं नेऊन बरं करू" म्हणणाऱ्यांसाठी: राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये असले 'बदलण्याचे' उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत. जो डॉक्टर गोळ्या देतो, शॉक देतो म्हणतो, त्याची तक्रार राज्य वैद्यक परिषदेकडं होते. बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस १४४१६, पालकांनीही करावा.

मलप्रभाकाठ

खूप झालं, धन्यवाद. एक राहिलं. एका घरचे तयार, दुसऱ्या घरचे नाहीत आणि त्यांनी पोलिसात 'मुलगी हरवली' तक्रार दिली तर? दोन मुलींच्या बाबतीत हेच होतं.

बाँडरायटर_खानापूर

घर सोडण्याआधी मुलीनं स्वतःच्या हातानं, मराठीत किंवा कन्नडमध्ये, पत्र लिहायचं: मी सज्ञान आहे, स्वखुशीनं जात आहे, कुणी पळवलेलं नाही. जन्मदाखल्याची किंवा एसएसएलसी मार्क्सकार्डाची प्रत जोडून जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं, आणि पावती जपून. सोनं-पैसे घरचे काहीही न्यायचे नाहीत, नाहीतर चोरीची तक्रार येते. स्वतःची मूळ सर्टिफिकेटं तेवढी आधी बाहेर काढावीत.

प्रकरण उच्च न्यायालयात गेलं तर आपल्या जिल्ह्याला धारवाड खंडपीठ. ११ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं अशा प्रकरणांसाठी सूचना दिल्यात: न्यायाधीशांनी तिच्याशी एकांतात बोलावं, आईवडिलांसमोर नाही, समुपदेशनाच्या नावाखाली मन वळवायचं नाही, आणि जोडप्यानं संरक्षण मागितलं तर आधी ते द्यावं, चौकशी मागाहून. पोलीस ठाण्यात जाताना या निकालाची प्रत न्या. मद्रास उच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये 'निवडलेलं कुटुंब' (रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्याबाहेरचं) मान्य केलं, ते कर्नाटकात बंधनकारक नाही पण वकिलाच्या कामाचं आहे. मुलींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून, फोन १५१००. घरात कोंडलं, मारलं तर कौटुंबिक हिंसाचार कायदा आईवडिलांविरुद्धही चालतो.

जे घर तयार आहे, त्यांनी मुलीला आसरा दिला म्हणून त्यांच्यावरच तक्रार येऊ शकते. त्यांनी तिच्या पत्राची एक प्रत आपल्याकडं आधीपासून ठेवावी, तारखेसह.

भटजीबुवा_शहापूर

पत्रक छापलं की चार प्रती शहापूरला पाठवा. आणि हळदीचं तेवढं घाला, ते हसण्यावारी नेऊ नका. कागदावरून कुणी भांडत नाही, मांडवात हळदीवरूनच भांडतात.

मलप्रभाकाठ

घातलं. हळद पहिल्या पानावर, मृत्युपत्र दुसऱ्या. आक्कांच्या पत्राचा नमुना मागच्या बाजूला, कापून पाकिटात ठेवता येईल अशा मापात. कन्नड मसुदा कुणी तपासून देईल का?

निपाणीकर

मी बघतो. पाठवा.